बांधलेला डोंगर

वैशाख लागला की आमच्या गावात सकाळी सहालाच डोळे चुरचुरायला लागतात. राब भाजायला सुरुवात झालेली असते. ज्यांनी भाताची शेती पाहिलेली नाही त्यांच्यासाठी सांगते. बत्तीस वर्षं शाळेत शिकवलंय, त्यामुळे समजावून सांगितल्याशिवाय मला राहवत नाही. ज्या तुकड्यात रोपं उगवायची, तिथे शेणाचा थर घालतात, त्यावर झाडांचा तोडून वाळवलेला टहाळ, त्यावर पालापाचोळा, वर थोडी माती, आणि वारा पडलेला बघून पेटवून देतात. तण मरतं, जमीन भुसभुशीत होते, रोप जोमानं येतं. धूर मात्र वर जायचं नाव घेत नाही. जमिनीलगत सरपटत तो घरात शिरतो, दोरीवरच्या लुगड्यांत बसतो, दुपारच्या ताकालासुद्धा त्याची चव लागते. एके काळी मला हा वास फार आवडायचा. आता मी खिडक्या लावून घेते.

या वर्षी राबाच्या पहिल्याच सकाळी फोन आला. शहापूर तालुक्यातल्या एका गावातून, तिथल्या वन समितीच्या एका गृहस्थांचा. "बाई, तुमच्यासारखा आमचापण डोंगर बांधायचाय. शपथेचा मजकूर द्या, आणि त्या हिराबाईंना घेऊन परवा या. त्या सांगतात ते ऐकून म्हणे अंगावर काटा येतो." मी म्हटलं, येतो की. हो म्हणायची सवयच लागलीय. मग कागद घेऊन मजकुराची स्वच्छ प्रत काढायला बसले. दोन ओळींचा तर मजकूर. चहा निवला, दुसरा केला, तोही निवला, आणि माझ्या हातून एक अक्षर उमटेना.

आमचा डोंगर गावाच्या मागे आहे. मुरबाडहून म्हशाकडे जाताना डाव्या हाताला असे कितीतरी दिसतात, त्यातलाच एक. मी बदली होऊन इथे आले तेव्हा तो बोडका होता. वर गवत, मध्ये दगड, आणि ऐनाची झाडं म्हणाल तर नुसते खांब. दर वर्षी राबासाठी फांद्या छाटून छाटून त्यांना पानं धरायची उसंतच मिळत नसे. निवृत्त झाले तेव्हा आमचे हे जाऊन दोन वर्षं झाली होती. मुलगा म्हणाला, आई, पुण्याला ये. मी म्हटलं, बघू. ते बघणं अजून चाललंय. गावात वन समिती झाली, तिला अध्यक्ष हवा होता आणि पुढे कोणी येईना. कोपऱ्यातून कोणीतरी म्हणालं, "बाईंना करा की, त्यांना काय काम हाय?" झाले अध्यक्ष. रिकामटेकडी म्हातारी आणि रिकामा डोंगर, जोडी जमली.

पहिल्या दिवशी पाण्यासाठी चर खणायचे होते. चाळीस घरांत जाऊन निरोप दिला होता. सकाळी सातला डोंगराच्या पायथ्याशी मी एकटी उभी, डोक्यावर टोपी, हातात नवं घमेलं. तासाभरानं टिकाव खांद्यावर टाकून हिरा आली. हिराचं घर गावाच्या शेवटाला, डोंगराला अगदी टेकून. नवरा लवकर गेलेला, एकुलता एक मुलगा सुनील, तेव्हा माझ्याच शाळेतून चौथी पास होऊन पुढे गेलेला.

"येकल्याच आल्यात बाई?"

"तूही एकटीच आलीस ना?"

"मंग दोगी झालो की," ती म्हणाली आणि टिकाव मारायला लागली.

ते चर अजून आहेत. माझे वाकडे, तिचे सरळ. ती हसायची माझ्या खणण्याला, आणि मी तिला सही शिकवायला लागले की मी हसायची. हळूहळू आणखी बायका आल्या. झाडं लावली, त्यातली निम्मी शेळ्यांनी खाल्ली. "फांदी तोडू नये" असा बोर्ड लावला, तो पंधरा दिवसांत एका गोठ्याचं दार झाला, तोही अक्षरं आतल्या बाजूला करून. म्हटलं, शेळ्या तरी वाचतील.

खरं तर रोपं लावायचीच गरज नव्हती. ऐनाच्या त्या खांबांत जीव होता. तीन-चार वर्षं कोयता लागला नाही तर डोंगर आपोआप उभा राहील, हे मला पुस्तकातून माहीत होतं आणि हिराला डोळ्यांनी. पण कोयता थांबवायचा कसा? मी समजावलं, रागावले, सभेत एकदा रडलेसुद्धा. लोक माना डोलवायचे आणि माघात कोयते परजायचे.

तेव्हा हिरानं तिच्या माहेरची गोष्ट सांगितली. तिचं माहेर कसाऱ्याकडचं. तिथे एक रान देवाच्या नावानं बांधलेलं होतं म्हणे. कोणी काडी उचलत नसे, पोलीसपाटीलसुद्धा नाही. माझ्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. आमच्या डोंगरावर वाघोबाचा शेंदूर फासलेला दगड आहेच. त्याच्यासमोर सगळ्या गावानं बेलभंडारा उचलून शपथ घ्यायची. मुलांना विज्ञान शिकवलेली बाई मी, मांजर आडवं गेलं तर मुद्दाम पुढे जाणारी! पण म्हटलं, काम होतंय ना, मग काय बिघडलं?

हिरा मात्र जरा थांबली होती. "बाई, देवाचं नाव घ्यायचं तर खरं घ्यावं लागतं," ती म्हणाली. मी हसण्यावारी नेलं.

शपथ मी लिहिली. स्वयंपाकघरात, ओट्याशेजारच्या स्टुलावर बसून, कुकरच्या शिट्ट्या मोजत. "वाघोबाच्या साक्षीनं बेल उचलतो. या डोंगराची हिरवी फांदी माझ्या हातानं पडली, तर माझ्या घरातलं हिरवं पान गळो." आधी नुसतंच "माझ्या घराला दोष लागो" असं होतं. ते मला मिळमिळीत वाटलं. तिसऱ्यांदा खोडून हे लिहिलं आणि खूश झाले. फांदी आणि पान, कसं छान जुळलं! निबंधाला दहापैकी नऊ देताना जसं वाटायचं, तसं मला माझंच कौतुक वाटलं. हिरवं पान म्हणजे काय, ते एखाद्याच्या घरात कुठल्या कोपऱ्यात झोपतं, किती वाजता डबा घेऊन निघतं, हे मनात आलंच नाही.

फाल्गुनातल्या एका मंगळवारी सगळे वर गेलो. प्रत्येकानं आपला कोयता दगडापुढे ठेवला. मी एकेक शब्द सांगायची, लोक मागून म्हणायचे, शाळेतल्या प्रार्थनेसारखे. एरवी सभेत विड्या फुंकणारे बाप्ये हात जोडून उभे होते. बेल सगळ्यांत आधी उचलला हिरानं.

आणि कोयता थांबला. अगदी थांबला. दुसऱ्या वर्षी ऐनांना फुटवे आले, तिसऱ्या वर्षी सावली पडायला लागली. कुडा, धावडा, करवंदीच्या जाळ्या. चर भरले, खालच्या विहिरीला चैत्रापर्यंत पाणी राहू लागलं. एका पहाटे भेकर ओरडलं आणि मी गादीवर उठून बसले, आनंदानं रडू यायचं तेवढं बाकी होतं. साहेब लोक आले, फोटो निघाले, सत्कार झाले. हिरा म्हणायची, "शाल तुमाला घ्या बाई, नारळ माला द्या. चटणी तरी व्हईल."

एक गोष्ट मात्र कोणी सत्कारात सांगत नाही. डोंगर भरत गेला तसं माझ्याभोवतीचं माणूस कमी होत गेलं. पाणवठ्यावर मी पोचले की बायकांचं बोलणं तुटायचं. समोरून कोणी बाई कोयता घेऊन आली, भाजी चिरायचा का असेना, तो पदराआड जायचा. हळदीकुंकवाला बोलावणं यायचं, पण मी निघाले की मागे हसण्याचा आवाज मोकळा व्हायचा. शाळेत मला बाई म्हणून धाक होता, तो मुलं मोठी झाली की सुटायचा. हा धाक सुटेना. एकटी हिरा तेवढी कोयता खांद्यावर टाकून माझ्या ओट्यावर येऊन बसायची आणि म्हणायची, "काय गो बाई, चा टाका." माझं गाव म्हणजे तेवढीच एक होती.

तीन वर्षांपूर्वीचा राबाचा हंगाम. गावात गुरं कमी झाली होती. जवान पोरं आसनगावच्या बाजूला गोदामांत कामाला लागली, गुरांमागे फिरणार कोण? गुरं नाहीत तर शेण नाही, शेण नाही तर राबाला टहाळ जास्त हवा. आणि समोर डोंगर ऐनांनी गच्च भरलेला. लोकांचे डोळे तिकडे जायला लागले होते, मला दिसत होतं.

त्या वर्षी फाल्गुनात सुनील गेला. चोवीस वर्षांचा. तोही गोदामात होता. सकाळी मोटारसायकलवरून निघाला, हायवेच्या एका वळणावर सांडलेल्या खडीवरून गाडी घसरली. डबा जसाच्या तसा भरलेला घरी परत आला. माझ्या वर्गात पहिल्या बाकावर बसायचा. पाढे म्हणताना डोळे मिटून घ्यायचा. मी हिराच्या घरी बारा दिवस बसले. ती रडली नाही. येणाऱ्याजाणाऱ्याला पाणी द्यायला उठायची आणि मी तिला बळंच खाली बसवायची.

वैशाखात तिनं राब पेटवायला काढला तेव्हा मी सोबतीला गेले. सूर्य नुकता वर येत होता. ती काडी ओढणार, तेवढ्यात थांबली. खाली बसली, हातानं वरची माती सारली, पाचोळा सारला आणि आतून एक वाळलेली फांदी ओढून माझ्यापुढे धरली. ऐनाची. पानं तांबूस होऊन चुरगळलेली.

"दोन हायेत," ती म्हणाली. "गाय मेली, शेन नव्हतं. माघात जाऊन आनल्या. म्हटलं दोन फांद्यांनी काय व्हतंय. तेच्यानंतर येक महिना नाय झाला बाई. हिरवं पान."

तिनं फांदी माझ्या आणखी जवळ आणली.

"वाघोबानीच नेला ना? तुमी सांगा. तुमी शिकलेल्या."

मला सगळं माहीत होतं. खडी माहीत होती. पोलिसांशी मीच बोलले होते, ती जागा जाऊन बघून आले होते. त्या वळणावर त्याच आठवड्यात आणखी दोघं पडले होते. आणि ती शपथ कुठल्या ओट्याशेजारी बसून लिहिली तेही मला माहीत होतं. पण चार दिवसांवर समितीची सभा होती, आणि सभेत एकच विषय होता: टहाळाअभावी ज्यांचे राब अडले होते, त्यांच्यासाठी दोन दिवस डोंगर उघडायचा का; वैशाखाच्या उन्हात फांद्या आठ दिवसांत वाळतात. मनात तो हिशेब झाला. होय, झाला. माझ्या मैत्रिणीच्या हातात ती फांदी असताना झाला. मी तिच्या पाठीवर हात ठेवला आणि गप्प राहिले. तिला त्यातून काय ते कळलं. तिनं फांदी परत आत ठेवली, माती नीट केली आणि राब पेटवला. तो धूर मला अजून गिळता आलेला नाही.

सभेला गाव लोटलं होतं. "दोन दिसांनी डोंगर काय मरत नाय," "वाघोबाला कोंबडं देऊ, सोडवून घेऊ," असं सुरू झालं. माझं कोणी ऐकेना. तेवढ्यात मागून हिरा उठली. ती सभेत कधीच बोलत नसे. पदर सावरला आणि म्हणाली, "मी तोडल्या दोन फांद्या. कोनी बगितलं नाय. त्यानी बगितलं. माजा सुनील गेला तो त्याच्यानी गेला. आता तुमी ठरवा, कोनाकोनाला पोरं हायेत."

मग एक म्हातारा उठून बाहेर गेला, त्याच्यामागून दुसरा. मी अध्यक्षांच्या खुर्चीत बसले होते. समोर वही होती. मी माझ्या सुंदर, वळणदार अक्षरात लिहिलं: "हिराबाई यांनी आपला अनुभव सांगितला. बंदी कायम." त्या वाक्यात एकही चूक नाही. मी नंतर कितीदा तरी तपासून पाहिलंय.

त्या दिवसापासून हिरा डोंगराची राखण करते. चैत्र-वैशाखात अनवाणी फिरते, कातळ तापलेला असतो तरी. वणव्याच्या दिवसांत सगळ्यांच्या आधी पोचते. डोंगरावरची गळलेली पानंसुद्धा आपल्या राबाला घेत नाही, त्यामुळे तिची रोपं पिवळी उगवतात आणि लागवडीला शेजाऱ्यांकडून मूठ मूठ रोप मागायची पाळी येते. लोक तिची गोष्ट आपल्या पोरांना सांगतात. पाहुणे आले की तिला बोलावतात, ती येते, तीच चार वाक्यं बोलते आणि जाते. आणि माझ्याशी? माझ्याशी ती पूर्वीपेक्षा चांगली वागते. करवंदं पिकली की पळसाच्या द्रोणात घेऊन येते. म्हणते, "खावा बाई, तुमच्याच डोंगराची."

एकदा सकाळी मी तिच्या दारात गेले होते. आत सुनीलचा फोटो आहे, पासपोर्टचा मोठा केलेला, जरा धुरकट. ती त्याच्यापुढे हात जोडून उभी होती. "माफ कर रे बाबा, तुज्या आयशीनी केलं," असं म्हणत होती, रोजचं काम उरकावं तसं. तिला चाहूल लागली, ती वळली, आणि म्हणाली, "या बाई, बसा." मी बसले. चहा प्यायले.

एकटेपणा म्हणजे घरात कोणी नसणं, असं मी पूर्वी समजायची. घरात कोणी नसलं तर माणूस रेडिओ लावतं, देवघर पुसतं, मुलाला फोन करतं. पण ज्या एका माणसाशी सगळं बोलावं, नेमकं त्याच माणसाशी जे बोलता येत नाही, ते पोटात घेऊन त्याच्याच हातची करवंदं खायची, याला काय म्हणावं? मला तर शब्द सापडला नाही, आणि शब्द सापडत नाही असं माझं सहसा होत नाही.

तर तो फोन आला, आणि स्वच्छ प्रत निघेना. परवा आम्ही दोघी गाडीत बसून जाणार. मी शपथ वाचून दाखवणार, हिरा उठणार, तिची चार वाक्यं बोलणार, आणि त्या गावातल्या पन्नास घरांत हिरवं पान लटकत ठेवून आम्ही नारळ घेऊन परत येणार. मी कागद फाडला. पायात चपला सरकवल्या आणि धुरातून चालत तिच्या घरी गेले.

ती अंगणात शेण कालवत होती. तेवढंच तिला कोणीतरी दिलं होतं, पाटीभर.

"हिरे, बस जरा. ती शपथ वाघोबाची नाही. मी लिहिलेली आहे. माझ्या स्वयंपाकघरात."

"ठावं हाय," ती म्हणाली. हात थांबले नाहीत. "गावात दुसऱ्या कोनाला सुचतंय तसं? शबूद तुमचे. आयकले तर त्यानीच ना."

"नाही ऐकलं कोणी. सुनील खडीवरून घसरला, हिरे. त्या आठवड्यात तिथे आणखी दोघं पडले, मी बघून आले होते. तुझ्या फांद्यांचा काही संबंध नव्हता. कधीच नव्हता."

आता हात थांबले.

"हे तुमाला कदी कळलं?"

"पहिल्यापासून माहीत होतं."

"राब पेटीवला तवा?"

"हो."

"मिटिंगीच्या आदी."

"हो, आधी."

तिनं मान वर केली. मला वाटलं, आता शिव्या देईल. द्याव्यात असं फार वाटत होतं. पाटी उचलून अंगावर फेकली असती तरी मी तिचे पाय धरले असते.

"मंग बोलल्या का नाय?"

"डोंगर उघडला असता त्या दिवशी. सगळे उघडायलाच आले होते."

ती उठली. रांजणातून पाणी घेऊन तिनं हात धुतले, एकेक बोट नीट. "तीन वरसं," ती म्हणाली, "तीन वरसं रोज सकाळी मी त्याची माफी मागतंय. तुमी बगितलं माला. हितं दारात उभ्या व्हत्या."

"हो."

"बरं," ती म्हणाली. हात पदराला पुसले आणि पुन्हा म्हणाली, "बरं. परवा मी येनार नाय. जा तुमी आता."

मला माफ कर, असं म्हणायचं होतं. पण तो शब्द तिच्या घरात इतका वापरून झाला होता की माझ्या तोंडून तो निघेना. मी वळले. कुंपणापाशी पोचले तोवर मागून हाक आली.

"बाई."

मी थांबले. ती उंबऱ्यावर बसली होती.

"कोनाला सांगू नका हे."

मला वाटलं, गावात नाव जाईल म्हणून म्हणतेय. मी म्हटलं, "तुझं नाव कुठे येणार नाही, हिरे. चूक माझी आहे, मी सभेत उभी राहून सांगेन."

"माजं ऱ्हाऊ द्या," ती म्हणाली. माझ्या खांद्यावरून ती मागे वर, डोंगराकडे बघत होती. "सांगू नका. नायतर तो पन जाईल."